उशीची उंची

‘उशी’ हा शब्द संस्कृतातल्या ‘उच्छीर्षक’पासून आला, पालीत त्याचं ‘उस्सीसक’ झालं. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ या म्हणीतलं उसं तेच. तक्क्या आणि गिरदी ही फारसीतून आलेली बैठकीची मंडळी. उशी मात्र घरचीच.

उशी केवढी असावी, हा प्रश्नही तितकाच जुना. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात एक हकीकत आहे. काही भिक्खू अर्ध्या अंगाएवढ्या उशा वापरू लागले. विहार बघायला आलेल्या लोकांनी नावं ठेवली, की हे तर संसारी माणसांसारखी चैन करतात! बुद्धांनी तसल्या उशांना बंदी केली आणि डोक्याएवढी उशी चालेल असं सांगितलं. आत भरायला तीन प्रकारचा कापूस: झाडाचा, वेलीचा, गवताचा. झाडाचा म्हणजे सावर वगैरेंचा, असा खुलासा टीकाकार करतात. नियम वैराग्यापोटी केलेला, पण मानेलाही तोच मानवतो, याची मला गंमत वाटते. भाज्याच्या लेण्यांतले झोपायचे दगडी ओटे पाहिल्यावर तर ही सवलत फारच माफक वाटते.

ती काटेसावर आमच्या मिरजोळ्याच्या आसपासही आहे. फेब्रुवारीत निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलं येतात, एप्रिल-मेमध्ये बोंडं उकलून कापूस उडू लागतो. याचे तंतू आखूड आणि गुळगुळीत, म्हणून सूत कातता येत नाही. पण ते आतून पोकळ आणि वरून मेणचट असल्यामुळे हलके राहतात, ओल धरत नाहीत. कोकणातल्या पावसाळ्यात हा गुण लहान नव्हे. साधा कापूस दमट होतो, गोळे धरतो, मग पिंजाऱ्याची वाट बघा. सावरीचा पिंजायचा नसतो, त्याचा भुगा होतो. उन्हात ठेवला की पुन्हा फुलतो. काम खरं कष्टाचं ते बी वेगळं करायचं. नाका-तोंडाला फडकं बांधून बसायचं, तरी दिवसभर शिंका.

आमच्याकडे मांजरपाटाच्या खोळीची एक बाजू मुद्दाम मोठ्या धावदोऱ्याने शिवत. टाके उसवायचे, मूठभर कापूस काढायचा किंवा घालायचा, पुन्हा शिवायचं. कुशीवर झोपणाऱ्याच्या खांद्याचं टोक आणि मान यांमधली पोकळी भरायला हवी, म्हणून त्याची उशी जाड. उताण्याची पातळ, म्हणजे हनुवटी छातीकडे ढकलली जात नाही. पालथ्याला जवळजवळ नकोच. घरात माणसं पाच, तर उशा पाच उंचीच्या.

फोम आला आणि हे शिवणकाम संपलं. पॉलियुरेथेनची रसायनं जर्मनीत ऑटो बायर यांनी 1937 मध्ये जमवली. दाबल्यावर सावकाश पूर्ववत होणारा ‘मेमरी फोम’ 1966 चा, नासासाठी चार्ल्स यॉस्ट यांनी विमानातल्या आसनांकरता केलेला. दोन्ही उत्तम वस्तू. पण साच्यातून निघालेल्या उशीची उंची ठरलेली असते. कमी-जास्त करायची तर दुसरी विकत आणा.

तीन वर्षांपूर्वी आईची मान धरली. एका दुकानातून मधे खोलगट अशी ‘ऑर्थोपेडिक’ उशी आली. तिला ती उंच होत होती. पहाटे हाताला मुंग्या. मुंग्या उशीवर सोडून देण्यातली गोष्ट नव्हे, म्हणून आधी डॉक्टर, मग फिजिओथेरपी. तिथल्या बाईंनी सोपी युक्ती सांगितली: टॉवेलच्या घड्या मानेखाली घेऊन झोपा, एकेक घडी वाढवा, सकाळी मान कशी आहे ते बघा. आईचं चार घड्यांवर जमलं. तेवढ्या उंचीची सावरीची उशी तिने स्वतः बसून शिवली, एक बाजू धावदोऱ्याची. व्यायामही चालू आहेत, तेव्हा सगळं श्रेय उशीला देता येणार नाही.

सावर वापरून दबत जाते. आताशा ती उशी तीन घड्यांएवढीच भरते. मेमध्ये बोंडं उकलायच्या आत काढायला हवीत, एरवी सगळा कापूस वाऱ्यावर जातो.