वेगळी चूल, एकत्र चूल

गेम खेळायला लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो : ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का? या प्रश्नाचं मूळ शोधताना १९९८ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी इंटेलने रिअलथ्रीडी या कंपनीच्या साथीने आय७४० ही ग्राफिक्स चिप आणली. गेममधल्या भिंती, जमीन, चेहरे यांवर चढवायची चित्रं, म्हणजे टेक्श्चर, ती स्वतःजवळ ठेवत नसे. संगणकाच्या रॅममधून ओढून घेई. कार्ड स्वस्त पडावं हा हेतू. पण रॅमकडून येणारा रस्ता अरुंद होता आणि आय७४० बाजारात फार टिकली नाही. तिचा वंश मात्र चालू राहिला. १९९९ च्या आय८१० चिपसेटमध्ये त्याच घराण्यातलं ग्राफिक्स थेट मदरबोर्डवर आलं, २०११ मध्ये सँडी ब्रिजबरोबर ते प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर गेलं. जागा बदलली, उसनी रॅम तीच.

एकाच चुलीवर प्रोसेसरचंही शिजायचं आणि ग्राफिक्सचंही. म्हणून २०१७ मध्ये एनव्हिडियाच्या एमएक्स१५०ने स्वस्त लॅपटॉपमध्ये मांडलेली वेगळी चूल लोकांना पटली. कोअर ३८४च, पण जीडीडीआर५ मेमरी स्वतःची, सेकंदाला सुमारे ४८ जीबी वेगाची. तेव्हाची डीडीआर४-२४०० रॅम दोन स्टिक मिळून ३८.४ जीबी देई, तीही प्रोसेसरबरोबर वाटून. एकच स्टिक असली तर १९.२. माझ्या मते एमएक्सच्या यशाचं मोठं श्रेय त्या मेमरीला जातं.

पुढे रॅमनेच तिला गाठलं. २०२२ च्या रायझन ६००० मालिकेच्या प्रोसेसरमध्येच असलेलं रेडिऑन ६८०एम ग्राफिक्स एलपीडीडीआर५-६४०० रॅमवर चाललं की रॅमकडून येणाऱ्या रस्त्यावरून सेकंदाला १०२.४ जीबी जातात, एमएक्स१५०च्या दुपटीहून जास्त. तो रस्ता आजही प्रोसेसरशी वाटून घ्यावा लागतो, तरी एमएक्सवर जास्त पैसे मोजण्याचं कारण उरलं नाही. जड गेमसाठी आरटीएक्स ३०५०सारखं स्वतःच्या जीडीडीआर६ मेमरीचं कार्ड अजूनही सरसच.

तेव्हा वेगळ्या कार्डाविना लॅपटॉप घेणार असाल, तर रॅम किती जीबीची एवढंच विचारून थांबू नका. ती एका स्टिकमध्ये आहे की दोन, दुसरा स्लॉट मोकळा आहे का, की सगळी रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे, हेही विचारा. स्टिक एकच असेल आणि स्लॉट मोकळा असेल, तर दुसरी बसवून घ्या, म्हणजे रॅमचा रस्ता दुप्पट रुंद होईल.