लोड, तक्क्या आणि कमरेमागची पोकळी

तीनेक वर्षांपूर्वी आम्ही अमरावतीला नव्या घरात राहायला आलो आणि हौसेने सोफासेट घेतला. दुकानात बसून पाहिला तेव्हा एकदम राजेशाही वाटला होता. मऊ, खोल, बसलं की माणूस अर्धा आत. दोन महिन्यांत माझी कमर धरली. डॉक्टरांनी फोटो काढले, हाडं ठीक आहेत म्हणाले, आणि वर सांगितलं, "टॉवेलची सुरळी करा, कमरेमागे ठेवा आणि मग बसा." एवढ्यासाठी फोटोचे पैसे गेले म्हणून मी जरा खट्टूच होतो.

घरी येऊन टॉवेल गुंडाळून बसलो. आई समोरच होती. ती थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हा तं लोड झाला ना रे. तुह्या आजोबाच्या बैठकीतला."

त्या एका वाक्याने मी भलतीकडे गेलो. म्हणून हा लेख.

आमचं गाव दर्यापूरजवळ, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी खारं, जमीन काळीभोर, आणि पीक म्हणजे कापूस. घर धाब्याचं. पुढच्या खोलीला 'बैठक' म्हणायचे. तिथे भिंतीलगत गादी, गादीवर पांढरी चादर, भिंतीला टेकवून दोन तक्क्ये आणि एक लांब, गोल, कडक लोड. हा लोड आजोबांचा. तो पाठीमागे उभा नसायचा, आडवा असायचा, बरोबर कमरेच्या खाचेत. आजोबा दिवसातले चार तास तरी तिथे बसत. गावातली माणसं येत, हिशेब होत, पंचायती होत, पानाचा डबा फिरे. आजोबा पुढे वाकले की लोड जागच्या जागी राहायचा, मागे रेलले की पुन्हा कमरेत बसायचा. आम्ही पोरं त्या लोडावर घोडा घोडा खेळायचो आणि मार खायचो.

दिवाळी झाली, पहिला वेचा घरात आला की पिंजारी यायचा. मी सांगतोय ते 1975-76च्या आसपासचं. खांद्यावर ते भलंमोठं पिंजण, धनुष्यासारखं, त्याला ताणलेली तात. ओसरीत तो पिंजण टांगायचा आणि लाकडी मुठीने तातीवर ठोका मारायचा. टँव् टँव् असा आवाज सबंध आळीत जायचा. वर्षभर बसून बसून दगड झालेली रुई त्या तातीवर धरली की तिचे गोळे फुटायचे आणि धुकं उडाल्यासारखी ती वर यायची. दुपारपर्यंत ओसरीत गुडघाभर ढग. पिंजाऱ्याच्या भुवया, दाढी, सगळं पांढरं. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. आजी त्याला भाऊ म्हणायची आणि तो आजीला माय.

गादी सैल भरायची, तक्क्या मध्यम, आणि लोड मात्र ठासून. तो खोळीत मूठ घालून, काठीने दाबून दाबून रुई भरायचा. मग दाभणाने तोंड शिवायचा. आजी एकदा म्हणाली, "भाऊ, रुई कमी घाल ना, लय जाते." तो म्हणाला, "माय, गादी झोपाले आहे, लोड टेकाले आहे. टेकाले नरम कामाचं नाई." हे वाक्य मला तेव्हा ऐकू आलं आणि कळायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

आता जरा शब्दांकडे बघा. तक्क्या हा फारसी शब्द, अर्थच मुळी आधार, टेकू. फकिराच्या मुक्कामाच्या जागेलाही तक्या म्हणतात तो याच शब्दावरून. मसनद हा अरबी, म्हणजे ज्यावर टेकायचं ते. पुढे त्याचा अर्थ झाला सिंहासन. आणि ज्या धातूवरून मसनद आला त्याच धातूवरून सनद. जमिनीच्या वादात आपले लोक कपाटातून काढतात ती सनद! म्हणजे कागदाचा आधार. वऱ्हाडात हे शब्द मुरायला वेळ भरपूर मिळाला. एलिचपूरची, म्हणजे आताच्या अचलपूरची इमादशाही, मग मोगल, मग निजाम. आपल्या 'गादी'चंही तेच. झोपायची गादी, राजाची गादी, महाराजांची गादी, अडत्याची गादी. पाठ टेकायला मिळणं आणि सत्ता असणं यांच्यासाठी भाषेने एकच शब्द वापरले, हे मला गंमतीचं वाटलं. नंतर नंतर तितकं गंमतीचं वाटेना. ते पुढे येईलच.

ही गोष्ट मुसलमानी अमलाच्याही आधीची आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाची चित्रं आहेत. त्यातल्या राजवाड्याच्या दृश्यात राजाच्या पाठीमागे गुबगुबीत उशा आहेत. अजिंठ्याची ही मोठी कामं पाचव्या शतकातली, वाकाटक हरिषेणाच्या काळातली. त्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. त्या चित्रांत मी आधी राजा पाहायचो. आता बाजूला चवरी घेऊन उभ्या असलेल्या बायका पाहतो.

पिंजाऱ्यांविषयी एक सांगायचं राहिलं. पिंजारी समाजातले अनेक लोक मन्सुरी आडनाव लावतात. ते नाव बगदादेत सन 922मध्ये मृत्युदंड झालेल्या मन्सूर अल-हल्लाज या सुफीवरून घेतलेलं. हल्लाज या शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा. 'मीच सत्य आहे' म्हणणाऱ्या माणसाचं नाव आमच्या ओसरीत रुई पिंजत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. असो.

रुईकडे येतो. 1853मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला. त्याआधी इथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत जायचा. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, मँचेस्टरला कापूस मिळेना, आणि सगळ्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. 1867मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला 'उमरा' म्हणत, उमरावती म्हणजे अमरावतीवरून. पण मँचेस्टरची कायमची तक्रार, की याचा धागा आखूड आणि जाडाभरडा. लांब धाग्याचं बियाणं आणून पेरायचे प्रयोग झाले, कापूस आयुक्त नेमले गेले, पण शेतकऱ्याने बहुतेक करून आपला जाडा कापूसच पेरला. तो कोरडवाहूत तग धरायचा आणि जिनात रुई जास्त द्यायचा.

गिरणीला जो दोष वाटला तोच गादीचा गुण. देशी कापसाचा तंतू आखूड, जाड आणि ताठ असतो. पिंजल्यावर तो एकमेकांत आडवातिडवा अडकतो, मध्ये हवा धरून ठेवतो आणि दाबला तर परत उसळतो. लांब, मऊ, रेशमी तंतू लवकर चपटा होतो. सावरीचा कापूस उशीला छान, पण लोडात भरून पाहा, महिन्यात पोटात गेलेला दिसेल. 2002मध्ये बीटीला परवानगी मिळाली आणि काही वर्षांत शेतं अमेरिकन जातीच्या संकरित वाणांनी भरली. देशी कापूस कोपऱ्यात गेला. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने एकेए-7, एकेए-8 अशा देशी जाती दिल्या आहेत, पण गादी भरायला देशी रुई पाहिजे म्हणालात तर आता शोधावी लागते.

आता कमरेच्या शास्त्राबद्दल थोडं. आपण उभे असतो तेव्हा कमरेपाशी कणा आत वळलेला असतो. खाली बसलो की माकडहाडाकडचा भाग मागे फिरतो आणि ही कमान सपाट होते. 1948मध्ये बेंग्ट ओकरब्लूम नावाच्या स्वीडिश डॉक्टरने उभं राहणं आणि बसणं यावर प्रबंध लिहिला आणि खुर्चीची पाठ कमरेच्या उंचीवर पुढे आलेली पाहिजे असं मांडलं. 1953मध्ये अमेरिकेत कीगन या शल्यचिकित्सकाने वेगवेगळ्या स्थितींत माणसांचे एक्स-रे काढून ही कमान कधी आणि किती बदलते ते दाखवलं. पुढे गोथेनबर्गच्या नाकेमसनने जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला आणि विनाआधार बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षा जास्त असल्याचं सांगितलं. तिथल्याच अँडरसन आणि सहकाऱ्यांनी 1974मध्ये दाखवलं, की पाठ मागे कलती ठेवली आणि कमरेला उशी दिली तर हा दाब उतरतो. आता हेही शेवटचं सत्य नाही. 1999मध्ये जर्मनीत विल्के यांनी एका स्वयंसेवकाच्या चकतीत नवं यंत्र बसवून मोजलं, तर बसण्याचा दाब उभं राहण्याहून जास्त निघालाच नाही. म्हणजे बसणं वाईट की नाही यावर शास्त्रज्ञ भांडत राहतील. कमरेमागे पोकळी राहिली तर ती भरून काढावी, यावर फारसं भांडण दिसत नाही.

माझ्या सोफ्यात नेमकी तीच पोकळी होती. बैठक इतकी खोल, की पाठ टेकवली तर पाय अधांतरी आणि पाय टेकवले तर पाठ अधांतरी. शिवाय आतला फोम. आमच्याकडे अजून त्याला 'डनलप' म्हणतात. 1929मध्ये इंग्लंडच्या डनलॉप कंपनीत रबराच्या चिकापासून फोम तयार झाला, त्याचं नाव आमच्या तोंडी बसलं. आताचा फोम पॉलियुरेथेनचा, पण नाव तेच. त्याला पिंजावं लागत नाही, उन्हात टाकावं लागत नाही. दबला की मात्र दबला. रुई पुन्हा पिंजून नवी करता येते, फोम फेकावा लागतो.

तर ठरवलं, कमरेचा आधार आतच शिवलेल्या गाद्या सोफ्यासाठी करून घ्यायच्या. अकोल्याला एक गादीवाला आहे, त्याचा बाप पिंजण खांद्यावर घेऊन गावोगाव फिरायचा. आता मशीन आहे. अकोल्याचा रस्ताही आता चांगला झालाय. जून 2022मध्ये याच मार्गावरचा 75 किलोमीटरचा पट्टा पाच दिवसांत डांबरून गिनीज बुकात गेला, तो हाच. गेलो.

पहिला नमुना फसला. मी कागदावर आकृती काढून नेली होती, पाठीच्या गादीला मधोमध फुगवटा. बसलो तर फुगवटा पाठीच्या मध्यावर टोचायला लागला आणि मी पुढे ढकलला गेलो. गादीवाला म्हणाला, "साहेब, तुमी गादी बिनबसता मोजली. बसल्यावर माणूस आत जाते ना." बरोबर होतं. खालची गादी दबते, माणूस तीन-चार बोटं खाली जातो आणि सगळी मापं सरकतात. दुसऱ्या वेळी त्याने मला बसवून मापं घेतली. फुगवटा कमरेच्या पट्ट्याच्या उंचीवर आला. त्याच्या खाली मुद्दाम रिकामी जागा ठेवली, ढुंगण मागे जायला. ती नसली तर सगळं फुकट. फुगवट्यात ठासून देशी रुई, वरच्या भागात सैल. गादीपाटातून आरपार टाके घातले, म्हणजे रुई खाली उतरणार नाही. पाठीची गादी जाड केल्यामुळे बैठकीची खोलीही कमी झाली आणि पाय जमिनीला लागले.

गाद्या घरी आल्या. मी बसलो. काय सांगू, आजोबा झालो!

मग आईला बसवलं. ती बसली आणि लगेच पुढे सरकली. फुगवटा तिला पाठीत लागत होता. साहजिक आहे, ती माझ्यापेक्षा वीतभर बुटकी. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय माणसांच्या शरीरमापांचं पुस्तक काढलं. परदेशी मापांवर आपल्या खुर्च्या बेतू नयेत म्हणून ते काम. त्यात पुरुषांची आणि बायकांची मापं वेगवेगळी आहेत. मला हे माहीत होतं. तरी मी घरातली गादी फक्त माझ्या पाठीवर मोजली होती.

मी तिला सहज विचारलं, "आजोबांच्या लोडाला टेकून कधी बसली होतीस का गं?"

"मी?" ती हसलीच. "सासऱ्याच्या बैठकीत? झाडाले जायचो ना."

बस एवढंच. मग सुचेल तसं बोलत गेली. सकाळी चुलीपुढे पाटावर, पाटाला पाठ कुठे असते. वेचणीच्या दिवसांत मजूर कमी पडले की घरातल्या बायाही शेतात. कमरेला ओटी बांधायची, त्यात कापूस टाकत जायचं. ओटी भरेल तसं वजन पुढे ओढतं आणि बाई वाकलेलीच राहते, दिवसभर. मजूर बायांना तर किलोवर पैसे, सरळ उभं राहिलं की तेवढी मजुरी कमी. संध्याकाळी कमरेला काय करायचात विचारलं तर म्हणाली, "काय करतं? झोपायचो."

त्या लोडातली रुई त्यांनीच वेचलेली होती. पिंजणाऱ्या चाचाचीही कमर उतारवयात गेली होती, हे तिनेच सांगितलं. शेवटी शेवटी त्याला पिंजण खांद्यावर घेववत नव्हतं, पोरगा उचलायचा. मला लोड आठवत होता, तातीचा आवाज आठवत होता. हे आठवत नव्हतं. 'आपल्या जुन्या लोकांना सगळं शास्त्र ठाऊक होतं' अशा थाटाचा एक लेख माझ्या डोक्यात जवळजवळ तयार होता. तो तिथेच राहिला.

पुन्हा अकोल्याला गेलो. या वेळी आईला घेऊन. गादीवाल्याने तिला खुर्चीवर नाही, सोफ्याच्याच उंचीच्या फळीवर गादी टाकून बसवलं आणि तिला विचारून विचारून खडूने खूण केली. "मावशी, इथं? का अजून खाली?" मग त्याने स्वतःहून युक्ती काढली. फुगवटा शिवून टाकायचा नाही. पाठीच्या गादीला मागून उभा खिसा ठेवायचा, आत छोटा कडक लोड, आणि दोन उंचींवर बंद. वरचे बंद बांधले तर माझ्यासाठी, खालचे बांधले तर आईसाठी. आईच्या जागेवर पाय ठेवायला एक पाटही करून घेतला.

तिने पाठ टेकवली, पाय पाटावर ठेवले आणि डोळे मिटून दहा मिनिटं बसली. मी काही विचारलं नाही.

मग उठली, खिशातून लोड ओढून काढला, खाली भिंतीला लावला आणि त्याला टेकून वाटाणे सोलायला बसली. तो लोड आता तिथेच असतो. मी सध्या परत टॉवेलची सुरळी वापरतो आहे, दुसरा लोड सांगितलाय.