भाग १४: मोठी वस्तू टिकली, छोटी दगा देऊन गेली

हा भाग मी खडकवासल्याहून रेकॉर्ड करतोय. मागे गाड्यांचा आणि कणीसवाल्यांचा आवाज येतोय, तो गोड मानून घ्या. विषय आहे अणुवीज केंद्रातल्या बिघाडांचा. आता खडकवासला आणि अणुवीज यांचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. सांगतो, पण सुरुवात धरणापासूनच करावी लागेल.

१२ जुलै १९६१. वरचं पानशेतचं धरण तेव्हा पूर्ण झालेलं नव्हतं. आंबी नदीवरचं मातीचं धरण. पाणी बाहेर सोडायच्या मार्गाचे दरवाजे होते, पण ते वर-खाली करणारी यंत्रणाच बसवलेली नव्हती. त्यात १८ जून ते १२ जुलै या दिवसांत तिथे १७७८ मिलिमीटर पाऊस पडला. अर्धवट दरवाजांखालून, खडबडीत राहिलेल्या मार्गातून पाणी धडका देत बाहेर पडायला लागलं. त्या हादऱ्यांनी वरची माती खचली. अडीच तासांत धरणाचा माथा जवळपास दीड मीटर खाली आला. लष्कराचे जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते, तरी सकाळी धरण फुटलं. ते सगळं पाणी खाली आलं ते थेट इथे, आणि इंग्रजांच्या काळातलं हे दगडी खडकवासलाही त्याच दिवशी फुटलं. पुण्याला पिण्याचं पाणी इथूनच जायचं. म्हणजे पुराने घरं नेली आणि त्याच शहराचे नळही कोरडे पडले.

इथे एक गोष्ट मला आत रुतून बसलीय. पानशेतचा पाया वाईट नव्हता. सांडवाही लहान पडला नव्हता. घात केला तो दरवाजाजवळच्या एका न बसवलेल्या यंत्राने.

आता १९९३. उत्तर प्रदेशात बुलंदशहर जिल्ह्यात, गंगेच्या काठी नरोरा अणुवीज केंद्र आहे. ३१ मार्चच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. एवढं प्रचंड चाक तोल जाऊन थरथरायला लागलं, जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडला, पेटला, मग तेलही पेटलं. ऑपरेटरांनी ३९ सेकंदांत अणुभट्टी बंद केली. सेकंद मोजून बघा.

पण अणुभट्टी म्हणजे गॅसची शेगडी नव्हे. बंद केल्यावरही आतलं इंधन किती तरी तास तापत राहतं, त्याला पाणी द्यावंच लागतं. पाणी द्यायला पंप, पंपाला वीज. वीज होती का? आणीबाणीसाठी डिझेल जनरेटर होते की! फक्त नेहमीच्या विजेच्या आणि या राखीव विजेच्या केबली एकमेकींपासून पुरेशा लांब ठेवलेल्या नव्हत्या. आग केबलींवरून पसरली आणि दोन्ही गेल्या. १७ तास केंद्रात वीज नाही. कंट्रोल रूममध्ये धूर भरला, माणसांना ती सोडावी लागली.

हे वाचताना मला घाम फुटला होता, कारण मी स्वतः हेच केलंय. माझ्या पहिल्या नोकरीत मुख्य सर्व्हर आणि बॅकअप सर्व्हर आम्ही एकाच स्विचला जोडले होते. स्विच मेला आणि दोन्ही एकदम गेले. फरक एवढाच, की आमच्याकडे फार तर काही लोकांची ऑर्डर अडकली.

नरोऱ्यात वाचवलं कोणी? आग विझवायच्या पंपांनी. ते स्वतःच्या डिझेल इंजिनावर चालायचे, त्यांना केंद्राची वीज लागतच नव्हती. त्यांचं पाणी बॉयलरकडे वळवलं आणि भट्टीची उष्णता हळूहळू काढली. आणि काही जण हातात टॉर्च घेऊन अंधारात इमारतीच्या वर चढले, हाताने व्हॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण भट्टीत सोडलं, म्हणजे साखळी प्रक्रिया पुन्हा सुरूच होणार नाही. बाहेर किरणोत्सार झाला नाही. आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना तिसऱ्या पातळीची ठरली.

सव्वा वर्षाच्या आत आणखी एक. जून १९९४, गुजरातमधलं काकरापार. तुफान पाऊस, शेजारच्या तलावाचे दरवाजे उघडेनात. ओळखीचं वाटतंय ना? पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरलं. सुदैवाने ते युनिट आधीपासून बंद होतं. शेवटी गावकऱ्यांनी तलावाचा बांध फोडून पाण्याला वाट करून दिली, अशी नोंद आहे.

अणुभट्टी कशी फुटेल यावर सिनेमे निघतात. केबल कुठून नेली यावर कोण काढणार! पण मी तरी यापुढे कुठलंही केंद्र सुरक्षित आहे असं ऐकलं की आधी तेच विचारणार: केबली कुठून गेल्यात, आणि दरवाजे शेवटचे कधी उघडून पाहिले?

तुमच्या घरात १९६१ पाहिलेलं कोणी असेल तर त्यांच्याशी बोला आणि व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्याच ऐकवीन. आता इथे पाऊस सुरू झालाय, माइक बंद करतो.