सोळा घरांचा ठेका

ड्रम मशीन म्हणजे ड्रमवाल्याची बिदागी वाचवणारे यंत्र, अशी अनेकांची समजूत असते. ती अगदीच निराधार नाही. १९५९ साली अमेरिकेतील वुर्लित्झर कंपनीने आणलेला ‘साइडमन’ ऑर्गन वाजवणाऱ्याला साथ मिळावी म्हणूनच बनवला होता, आणि वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट असे तयार ठेकेच तेवढे त्यात होते. या पुस्तकाचा खरा विषय त्यानंतर सुरू होतो. यंत्रातला ठेका आयता न घेता स्वतः बसवायची सोय झाली, तेव्हा साथीचे यंत्र वाद्य झाले.

वाचकांनी १९८० हे वर्ष लक्षात ठेवावे. त्या वर्षी दोन यंत्रे आली. अमेरिकेच्या रॉजर लिन यांच्या एलएम-१मध्ये खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आघात साठवलेले होते. किंमत जवळजवळ पाच हजार डॉलर. इकुतारो काकेहाशी यांच्या रोलंड या जपानी कंपनीचे टीआर-८०८ त्याच्या पाव किमतीच्या आसपास मिळे, आणि त्यात मुद्रित आवाज एकही नव्हता. त्याचा प्रत्येक आवाज विजेच्या मंडलात त्या क्षणी घडतो. झांजेसाठी सहा बेसूर स्वर एकत्र करून गाळले जातात. बास ड्रमसाठी मंडलाला जणू टिचकी बसते आणि त्याची थरथर हळूहळू विरते. ती किती लांबवायची हे ठरवणारा नॉब बाहेरच दिलेला आहे. हिपहॉपचा घनगंभीर खर्ज बराचसा या एका नॉबातून निघाला.

खऱ्या ड्रमसारखे वाजत नाही म्हणून तेव्हा अनेकांनी ८०८ नाकारले. सुमारे बारा हजार नग तयार होऊन १९८३मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मग जुन्या मालाच्या दुकानांत ते स्वस्त मिळू लागले आणि शिकागो, डेट्रॉइटच्या होतकरू तरुणांच्या हाती पडले. हाउस आणि टेक्नो यांच्या जडणघडणीत त्याचा मोठा वाटा आहे.

मुंबईचा दुवाही याच काळातला. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२मध्ये ८०८च्या डिस्को ठेक्यावर सिंथेसायझरने दहा राग मुद्रित केले. ती तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोत १९८७च्या सुमारास ‘ॲसिड हाउस’ म्हणून पुढे आलेला बाज मुंबईत आधीच वाजून गेल्याचे ऐकून दूरदूरचे श्रोते चकित झाले. या तबकडीचा आम्हांला अभिमान आहे. तिला स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

तुम्ही संगीत शिकलेले नसाल तरी बिचकू नका. ८०८च्या खालच्या कडेला सोळा बटणांची रांग असते. रांग म्हणजे चार ठोक्यांचे एक आवर्तन, आणि प्रत्येक ठोक्याची चार घरे. तीनतालाच्या सोळा मात्रा आठवतील. मात्र इथले घर हा ठोक्याचा चौथा हिस्सा आहे, हे ध्यानात असू द्या. मोबाइलवर सोळा घरांचे कुठलेही ड्रम ॲप घ्या. बास ड्रम १, ५, ९, १३ या घरांत ठेवा, टाळी ५ आणि १३मध्ये, हायहॅट ३, ७, ११, १५मध्ये. वेग मिनिटाला १२० ठोके. हाउसचा मूळ ठेका तयार झाला. तो थोडा वेळ चालू द्या. मग बास ड्रमचा नवव्या घरातला ठोका अकराव्यात सरकवा आणि पाय कुठे अडखळतो ते पाहा. पहिले प्रकरण उघडण्याआधी एवढे जरूर करावे; त्यातली सारी चर्चा या अडखळण्याविषयीच आहे.