सूचक, अनुमोदक आणि चवदार तळे

पुणे–नगर रस्त्यावरच्या सणसवाडीत आज शेतांपेक्षा कारखान्यांच्या भिंती जास्त दिसतात. तरी ग्रामसभेचे इतिवृत्त लिहिण्याची रीत इथेही महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावासारखीच आहे. विषय क्रमांक, ठराव क्रमांक, मजकूर, त्याखाली ‘सूचक’ आणि ‘अनुमोदक’ म्हणून दोन नावे आणि शेवटी बहुधा ‘सर्वानुमते मंजूर’. सभेत कोणाचा आवाज चढला, कोण उठून गेले, हे त्या पानावर येत नाही. सभेपुढे कोणता प्रश्न ठेवला आणि सभेने काय उत्तर दिले, एवढेच उरते. पुढे हक्क सांगायला आधार होतो तो याच उरलेल्या पानाचा.

संसदीय कामकाजात या प्रश्नाला ‘प्रस्ताव’ म्हणतात. सभागृहाने काही करावे किंवा काही मत व्यक्त करावे, यासाठी सदस्याने मांडलेली सूचना म्हणजे प्रस्ताव. ‘ठराव’ हा त्याचाच एक प्रकार. प्रत्येक ठराव प्रस्तावाच्या रूपानेच मांडला जातो. पण चर्चा तहकूब करावी हाही प्रस्तावच, आणि त्याला कोणी ठराव म्हणत नाही. आधी लेखी सूचना द्यायची. ती नियमात बसते की नाही हे अध्यक्ष पाहतात. विषय एकच आणि निश्चित हवा, मजकुरात युक्तिवाद किंवा टोमणे नकोत, न्यायालयापुढचे प्रकरण नको. मग सदस्य प्रस्ताव मांडतो, अध्यक्ष तो सभागृहापुढे ठेवतात आणि चर्चा सुरू होते. दुरुस्त्या आल्या तर त्यांचा निकाल आधी, मूळ प्रस्तावाचा नंतर. अखेरीस अध्यक्ष मत अजमावतात. ‘होय’ आणि ‘नाही’च्या आवाजांवरून निर्णय होतो, तो कोणाला मान्य नसेल तर मतविभागणी. अनुमोदकाचा मान गावाने जपला आहे. लोकसभेत मात्र तो अध्यक्षांची निवड, अभिभाषणाबद्दलचे आभार अशा मोजक्या प्रसंगीच लागतो.

मंजूर झालेल्या प्रस्तावाचे पुढे काय होते, हे कायदा त्याला कोणता परिणाम जोडतो यावर ठरते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३५ खाली सरपंचावर अविश्वास आणायचा तर एक तृतीयांश सदस्यांची सूचना तहसीलदाराकडे जाते आणि त्याला ७ दिवसांत विशेष सभा बोलवावी लागते. आवश्यक बहुमत मिळून पुढची कायदेशीर पूर्तता झाली की खुर्ची जाते. उलट ‘शासनाने अमुक करावे’ असा शिफारशीचा ठराव एकमताने झाला तरी शासन बांधले जात नाही.

हा शिफारशीचा हक्कही आपल्याकडे उशिरा आला. १८६१च्या कायद्याने बनलेल्या कौन्सिलांचे काम कायदे करण्यापुरते होते. १८९२मध्ये प्रश्न विचारण्याची आणि अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा मिळाली, मत देण्याची नाही. सार्वजनिक हिताच्या विषयावर ठराव मांडण्याचा हक्क १९०९च्या सुधारणांनी दिला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी तो लगेच वापरला. मार्च १९१०मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याची सुरुवात व्हावी, असा ठराव मध्यवर्ती कौन्सिलात मांडला आणि सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर मागे घेतला. पराभव नोंदवून घेण्यापेक्षा प्रश्न जिवंत ठेवणे त्यांना श्रेयस्कर वाटले असावे. पुढच्या वर्षी त्यांनी विधेयकच आणले. १९१२च्या मार्चमध्ये ते प्रवर समितीकडे पाठवण्याच्या प्रस्तावाला १३ मते पडली आणि विरोधात ३८. विधेयक तिथेच संपले.

ठराव मंजूर होऊनही हाती काय येते, याचा धडा मात्र मुंबई प्रांताच्या कौन्सिलातल्या एका ठरावाने दिला. मुंबईच्या कामगारांत काम केलेले सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गांना वापरू द्यावेत, अशी त्यात शिफारस होती. या मजकुराची मेख ‘सार्वजनिक पैसा’ या शब्दांत आहे. बोले यांनी धर्मशास्त्राचा वाद काढला नाही. कर सगळ्यांचा असेल तर पाणीही सगळ्यांचे, असा हा हिशेबी मुद्दा होता.

सप्टेंबरात सरकारने आदेश काढला. स्वतःच्या संस्थांपुरती अंमलबजावणी करा, असे खातेप्रमुखांना सांगितले. स्थानिक संस्थांना जिल्हाधिकाऱ्यांनी फक्त सल्ला द्यायचा होता. महाड नगरपालिकेने तो सल्ला मानला आणि ५ जानेवारी १९२४ला चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. पण पाण्याला कोणी हात लावू शकले नाही. तेव्हा ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी दुसरा ठराव मंजूर करून घेतला : जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड पहिल्या ठरावाची अंमलबजावणी नाकारील तिचे अनुदान बंद करावे. हीदेखील शिफारसच, पण आता बोट थेट तिजोरीकडे होते.

१ जानेवारी १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर सणसवाडीच्या शेजारच्या कोरेगाव भीमा येथे जयस्तंभाला मानवंदना द्यायला आले होते. तीन महिने होण्याच्या आत, १९ आणि २० मार्चला, त्यांच्या अध्यक्षतेखाली महाडला परिषद भरली. परिषदेतही रीतसर ठराव झाले. अखेरीस अनंतराव चित्रे यांनी सुचवले की, तळ्यावर गेल्याशिवाय परिषद संपू नये. या सूचनेवर मतविभागणीची गरज पडली नाही. माणसे उठली आणि चवदार तळ्याकडे निघाली.

ज्या सभेला ठराव करता येतो तिला तो रद्दही करता येतो. महाड नगरपालिकेने आपला ठराव ४ ऑगस्ट १९२७ला मागे घेतला. बोले यांचा पहिला ठराव मंजूर झाल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. दावा उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ला निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आली नव्हती. म्हणजे निकाल ठरावाच्या बळावर लागला नाही. मग ठरावाने काय केले? ज्या मनाईला तोवर कोणी जाब विचारत नव्हते, तिला कागदावर उत्तर द्यायला लावले. महाडला निघालेले लोक कोणाकडे मेहेरबानी मागत नव्हते, कौन्सिलाने मंजूर केलेली गोष्ट अमलात आणत होते.

२६ जानेवारी १९५०ला अमलात आलेल्या संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची यादी आहे आणि राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः चालवल्या जाणाऱ्या जागांचा उल्लेख आहे. १९२३च्या शिफारशीतला सार्वजनिक पैशाचा निकष इथे मूलभूत हक्काच्या भाषेत भेटतो. मधल्या २७ वर्षांत त्यासाठी दुसरा ठराव लागला, मोर्चा लागला, डोकी फुटली आणि दहा वर्षे कोर्टकचेरी झाली.

म्हणून ग्रामसभेच्या कार्यक्रमपत्रिकेतला नेहमीचा पहिला विषय पुन्हा वाचायला हवा : ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ आपण तो घाईने उरकतो. पण मागच्या ठरावाचे काय झाले, हे विचारण्याची जागा तीच आहे. बोले यांनी १९२६मध्ये कौन्सिलात उभे राहून नेमके हेच विचारले होते.