इंग्लंडमधील भाड्याचे घर: डिपॉझिटसाठी कौन्सिलची मदत कोणाला मिळते?

पोर्तुगीज पासपोर्टवर गोव्यातून इंग्लंडला गेलेली कितीतरी कुटुंबे आज स्विंडनमध्ये आणि लंडनच्या परिसरात राहतात. अलीकडे विद्यार्थी व्हिसा किंवा कामाच्या व्हिसावर जाणाऱ्या मुलांचीही त्यात भर पडली आहे. तिथे पोचल्यावर पहिली मोठी अडचण असते ती घराच्या डिपॉझिटची. ही रक्कम बहुधा गोव्यातल्या घरूनच पाठवली जाते. म्हणूनच तिथल्या कौन्सिलची, म्हणजे स्थानिक पालिकेची, मदत कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे आम्ही इथे एकत्र दिले आहे. माहिती फक्त इंग्लंडची आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

डिपॉझिट किती असते?

2019 च्या टेनंट फीज कायद्यानुसार वर्षाचे भाडे 50,000 पौंडांपेक्षा कमी असेल, तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. उदाहरणार्थ, महिन्याचे भाडे 900 पौंड असेल तर डिपॉझिट जास्तीत जास्त 1,038 पौंड. त्यात पहिल्या महिन्याचे भाडे धरले की किल्ली हातात येण्यापूर्वीच सुमारे 1,940 पौंड लागतात. घर राखून ठेवण्यासाठी आगाऊ रक्कम मागितली, तर ती एका आठवड्याच्या भाड्यापुरतीच घेता येते.

कौन्सिलची मदत कशी असते?

प्रत्येक कौन्सिलची योजना आणि तिचे नाव वेगळे असते. काही ठिकाणी ती नसतेही. साधारणपणे दोन प्रकार आढळतात.

1. हमीपत्र (बॉण्ड): यात रोख पैसे दिले जात नाहीत. भाडेकरूने नुकसान केले किंवा भाडे थकवले, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत आम्ही भरपाई देऊ, असे कौन्सिल घरमालकाला लिहून देते. घर सोडताना मालकाने पुराव्यासह दावा केला, तर कौन्सिल पैसे भरते आणि पुढे ते भाडेकरूकडून वसूल करू शकते.

2. कर्ज किंवा अनुदान: कौन्सिल डिपॉझिटची रक्कम, कधी पहिल्या महिन्याचे भाडेही, थेट मालकाला देते. कर्ज असेल तर ते हप्त्याहप्त्याने फेडायचे असते.

बरेच मालक रोख डिपॉझिटच पसंत करतात. म्हणून घर बघतानाच ‘कौन्सिलचे हमीपत्र चालेल का?’ असे विचारून घ्यावे. मालकाचाही यात फायदा असतो: भाडेकरू शोधण्याचा खर्च वाचतो आणि काही अडले तर बोलायला कौन्सिलचा माणूस असतो. मात्र कौन्सिल घराची तपासणी करू शकते. गॅस सुरक्षेचे दरवर्षीचे आणि वीजजोडणीचे पाच वर्षांनी करायचे प्रमाणपत्र तर कोणत्याही मालकाकडे असावेच लागते.

कोणाला मिळू शकते?

उत्पन्न कमी असलेल्या आणि बेघर होण्याची वेळ आलेल्या लोकांना प्रथम. 2017 च्या होमलेसनेस रिडक्शन कायद्यानुसार, पात्र व्यक्तीवर 56 दिवसांच्या आत बेघर होण्याची पाळी येणार असेल, तर ती टाळण्यासाठी कौन्सिलने पावले उचलायची असतात. डिपॉझिटची मदत हे त्यातलेच एक पाऊल. म्हणून घर सोडण्याची नोटीस हातात पडताच कौन्सिलच्या हाउसिंग विभागाशी संपर्क साधावा. शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये.

गोव्यातून गेलेल्यांसाठी खरा प्रश्न इमिग्रेशनच्या दर्जाचा आहे.

• सेटल्ड स्टेटस, कायम वास्तव्याची परवानगी किंवा ब्रिटिश नागरिकत्व असेल, तर सहसा अर्ज करता येतो.
• प्री-सेटल्ड स्टेटस असेल, तर त्यासोबत तिथे राहण्याचा वेगळा हक्कही दाखवावा लागतो. नियमित नोकरी हा त्याचा सर्वांत सोपा पुरावा. पगाराच्या स्लिपा जपून ठेवा.
• ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ 31 डिसेंबर 2020 रोजी संपला. त्यानंतर नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे राहण्याचा किंवा मदतीचा हक्क मिळत नाही.
• विद्यार्थी, कामाचा किंवा जोडीदाराचा व्हिसा असेल, तर त्यावर बहुतेक वेळा ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ ही अट असते. ती मोडली तर पुढच्या व्हिसावर परिणाम होऊ शकतो. अशांनी सल्ला घेतल्याशिवाय कौन्सिलच्या मदतीचा अर्ज भरू नये. घरात एकाचा दर्जा सेटल्ड आणि दुसऱ्याचा व्हिसा असेल, तरीही आधी सल्ला घ्यावा.

नुसती माहिती किंवा सल्ला विचारल्याने ही अट मोडत नाही. शेल्टर आणि सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्था मोफत मार्गदर्शन करतात.

कायद्याचे संरक्षण व्हिसावाल्यांनाही

कौन्सिलची मदत मिळाली नाही, तरी दिलेले डिपॉझिट सुरक्षित ठेवण्याचा कायदा सर्व भाडेकरूंसाठी सारखाच आहे. मालकाने रोख डिपॉझिट 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत नोंदवायचे असते. अशा तीन योजना आहेत: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. नोंदणी केली नाही, तर न्यायालय मालकाला डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम भरायला लावू शकते. घर सोडताना वाद झाला, तर या योजना तो मोफत सोडवून देतात. शिवाय 2025 च्या रेंटर्स राइट्स कायद्यात, 1 मे 2026 पासून, खासगी भाडेकराराआधी एका महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भाडे मागण्यास बंदी आहे.

एक मोठा अपवाद लक्षात ठेवावा. मालक त्याच घरात राहत असेल आणि आपण एक खोली घेऊन राहत असू, तर डिपॉझिट नोंदवण्याचे बंधन त्याच्यावर नसते. नव्याने गेलेली आपली माणसे पहिले काही महिने बहुधा अशीच ओळखीच्या घरी राहतात. मालक गावचा असला तरी पैसे बँकेतूनच द्यावेत आणि लेखी पावती घ्यावी.

अर्ज करण्यापूर्वी

• भाडेकरारावर सही करण्याआधी कौन्सिलला विचारा. भरून झालेल्या डिपॉझिटसाठी सहसा मदत मिळत नाही.
• पासपोर्ट, स्टेटसचा शेअर कोड, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, घर सोडण्याची नोटीस आणि मुलांचे जन्मदाखले तयार ठेवा.
• परवडेल तेवढ्याच भाड्याचे घर निवडा. भाडे उत्पन्नाच्या मानाने फार असेल, तर कौन्सिल अर्ज नाकारू शकते.
• ताबा घेताना प्रत्येक खोलीचे फोटो काढा आणि सामानाची यादी वाचूनच सही करा. पुढे मालकाने दावा केला, तर हाच पुरावा कामी येतो.

इथून पैसे पाठवणाऱ्या पालकांना आमची एवढीच विनंती: घर कोणीतरी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि करार वाचल्याशिवाय रक्कम पाठवू नका. आणि नोंदणी झाल्यावर डिपॉझिट योजनेकडून मिळणाऱ्या कागदाची एक प्रत मुलांकडून मागवून घरी ठेवा.