सदरमध्ये दहा राग, एक ठेका

नागपूरच्या सदरमध्ये रेसिडेन्सी रोडवर उभे राहा आणि डोक्यावरचा उड्डाणपूल आधी पुसून टाका. मग मोबाइलची दुकानं, काचेच्या शोरूम, गाड्यांची रांग. आता १९८३चा डिसेंबर आहे. हिवाळी अधिवेशनामुळे शहरात पांढऱ्या गाड्यांची वर्दळ वाढलीय, लिबर्टी टॉकीजपाशी सायकलरिक्षेवाले मफलर गुंडाळून गिऱ्हाइकाची वाट बघताहेत. बाजूच्या गल्लीत रेकॉर्डचं एक दुकान आहे. दुकान कल्पनेतलं, आतली माणसंही कल्पनेतली. काउंटरवरची एलपी मात्र खरी आहे.

‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. वादक चरणजित सिंग. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांतला हा मुरलेला माणूस, शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन यांच्याकडे वाजवलेला. १९८२ साली त्याने रोलँड कंपनीची तीन जपानी यंत्रं समोर ठेवली आणि दहा राग त्यांच्यावर वाजवले. ज्युपिटर-८ सुरावटीसाठी, टीआर-८०८ ठेक्यासाठी, आणि टीबी-३०३ नावाची ती चंदेरी डबी खर्जासाठी. एकट्या वादकाला साथीला बास मिळावा म्हणून काढलेली ही डबी बाजारात फारशी चालली नाही.

दुकानदार सुई टेकवतो. भैरव सुरू होतो. ढप्, ढप्, ढप्, ढप्. त्याच्याखाली खर्जातले सूर न थकता धावू लागतात आणि वर कोमल रिषभ अलगद येऊन बसतो. तुम्ही दाराशीच थबकता.

‘‘सम कुठं आहे यात?’’ बाकावर बसलेले तबल्याचे मास्तर विचारतात. ‘‘आन् खाली? प्रत्येक मात्रेवर समच घेऊन राह्यला हा!’’

ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा तरुण काउंटरच्या काचेवर बोटांनी घरं मोजून दाखवतो. तो नुकताच मुंबईला जाऊन ही यंत्रं बघून आलाय. ‘‘मास्तर, सोळा घरं असतात. एकेका घरात एकेक सूर भरायचा. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय पण आहे.’’

‘‘सोळा? मग तीनतालच म्हना ना!’’ मास्तर हसतात, पण कान रेकॉर्डकडेच असतो. घसरत जाणारा सूर त्यांना पुन्हा ऐकायचाय. सुई मागे येते. ‘‘मींड आहे खरी. पण एकाच वेगाची. गवई मींड कुठं लांबवतो, कुठं आवरतो. हे पोट्टं तसं करत नाही.’’

मेडिकलचा एक विद्यार्थी मध्ये पडतो. त्याच्या मते हा सगळा उसना माल. डिस्को तिकडचा, यंत्रं तिकडची. ‘डिस्को डान्सर’ सिनेमातल्या एका गाण्याची चाल जशी बगल्स या बँडकडून उचललेली, तसंच हेही असणार. कीबोर्डवाला तापतो. ‘‘कुठल्या रेकॉर्डवरून उचललं, ते काढून दाखव ना बे.’’ विद्यार्थी रॅकमधल्या एलपी चाळत राहतो. त्याला काही सापडत नाही.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. शिकागोत १९८७ साली फ्यूचर या त्रिकुटाचं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ येईल. याच ३०३चा कुरकुरता, पिळवटलेला आवाज त्यातून जगभरच्या नाचघरांत पोचेल. २००२मध्ये एडो बाऊमन नावाचा डच संग्राहक दिल्लीत ही विस्मरणात गेलेली एलपी विकत घेईल, २०१०मध्ये ती पुन्हा निघेल आणि चाहते हमरीतुमरीवर येतील. शिकागोच्या पाच वर्षं आधी हा आवाज मुंबईत? काहींना तर ती कुणा युरोपीय संगीतकाराने रचलेली थाप वाटेल. सत्तरीतला चरणजित सिंग मग युरोपात जाऊन हेच राग प्रत्यक्ष वाजवेल. २०१५मध्ये तो हे जग सोडून जाईल.

पण ‘पहिला कोण’ हा वाद या दुकानात कुणी घालत नाही, आणि मला तो वाद दोघांवरही अन्याय करणारा वाटतो. शिकागोच्या पोरांनी यंत्राचे खुंटे पिळत पिळत त्याचा आवाजच बदलून टाकला; चरणजितची तबकडी त्यांनी ऐकली होती असा काही पुरावा नाही. चरणजितला त्या यंत्रात राग शोधायचा होता. त्याचं स्वतःचं जे आहे ते इथे, या घसरत्या सुरात आहे. तारखेत नाही.

विद्यार्थी आता कव्हर उलटतो. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती; मागच्या बाजूला मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. मास्तर यादीवर नख ठेवतात. पहाटेच्या ललितनंतर संध्याकाळचा भूपाली, मग परत सकाळची तोडी? मध्यरात्रीच्या मालकंसाला लागून बैरागी? ‘‘याला माळ नाही म्हनत बाप्पा. टोपलीत टाकलेली फुलं आहेत.’’

मास्तरांचं बरोबर आहे. आणखीही एक तक्रार त्यांनी केली असती तर तीही मान्य करावी लागली असती: तोडीतला अतिकोमल गंधार पेटीसारख्या बांधीव पट्ट्यांवर सापडत नाही.

तरी थांबा, दोन-तीन राग सलग ऐका. आधी वाटतं, दहाही गाणी एकच. मग ठेका कानातून मागे सरतो, तानपुऱ्यासारखा. तो आहे याचं भानही उरत नाही, आणि उरतो फक्त स्वरांचा बदल. भैरवातले कोमल रे-ध जाऊन भूपालीचे पाच शुद्ध स्वर लागले की दुकानातला उजेड बदलल्यासारखं होतं. ठेका, यंत्रं, लय जराही हलवायची नाही, हलेल तो फक्त राग: या हट्टाने ही तबकडी बांधलेली आहे. समयाचा क्रम तिने मोडला, पण हा नियम एकदाही मोडला नाही. म्हणून मी तिला एकसंध म्हणतो.

हे तुम्ही मास्तरांना सांगून बघता. ते मान हलवतात, होकाराची की नकाराची ते कळत नाही.

‘‘बाजू पलटवा,’’ ते दुकानदाराला म्हणतात. ‘‘मालकंस लावा. त्यात रे नाही, प नाही. बघू, तुमचं मशीन खालून पंचम लावते का ते.’’